व्यवस्थापनाचे शिक्षण आणि आपला समाज

दहावी-बारावीच्या गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार हा आपल्या प्रत्येक संस्थेचा जिव्हाळ्याचा कार्यक्रम आहे. पुष्पगुच्छ, प्रमाणपत्र आणि परमपूज्य बाबासाहेबांचा एखादा ग्रंथ हातात दिल्यावर सूत्रसंचालक विचारतात, "बाळ, पुढे काय व्हायचे ठरवले आहे?" उत्तरे बहुधा ठरलेली असतात. डॉक्टर, इंजिनिअर, कलेक्टर, शिक्षक, बँकेत नोकरी, पोलीस भरती. ही सारी उत्तरे चांगलीच आहेत. आपल्या मागच्या दोन पिढ्या नोकरीच्या आधारानेच उभ्या राहिल्या, हे विसरून चालणार नाही. परंतु "मी व्यवस्थापन शिकेन, कारखाना चालवीन, संस्था चालवीन" असे म्हणणारा विद्यार्थी आम्हांला क्वचितच भेटला. एखादा भेटला तर त्याचे वडीलच हळू आवाजात म्हणतात, "ते शेठ लोकांचं शिक्षण. आपल्याला कशाला ते?"

हा समज खरा नाही, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे. व्यवस्थापन ही श्रीमंतांची विद्या नव्हे. ती इंग्रजी शाळेत शिकलेल्यांचीही मिरासदारी नव्हे. ती विद्यापीठात रीतसर शिकता येते, कला शाखेच्या पदवीधरालाही शिकता येते, आणि नोकरी सांभाळूनही शिकता येते. आणि ती आपल्याला परकी तर मुळीच नाही. तिचा एक सुंदर नमुना आपल्या नाशिकलाच दगडात कोरलेला आहे.

लेण्यांतील हिशेब

त्रिरश्मी लेण्यांवर आपण सहकुटुंब जातो. बुद्धवंदना घेतो, मुलांना लेणी दाखवतो, छायाचित्रे काढतो आणि परत येतो. पुढच्या वेळी दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात थोडे अधिक थांबावे. तेथे ब्राह्मी लिपीत काही लेख कोरलेले आहेत. त्यांपैकी एक लेख क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात, म्हणजे ऋषभदत्त, याच्या दानाचा आहे. हा लेख सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा आहे.

उषवदाताने हे लेणे भिक्खू संघाला दिले आणि त्यासोबत तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, दान दिली. पण ही रक्कम त्याने भिक्खूंच्या हाती ठेवली नाही. ती गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवली. श्रेणी म्हणजे कारागिरांचा संघ. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक या व्याजाने. दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल कधीही परत घ्यावयाचे नाही, फक्त व्याज वापरावयाचे. वर्षावासात या लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे.

व्याजाचे आकडे रोज डोळ्यांखालून घालणाऱ्या आमच्यासारख्या बँकेतील लिपिकाला हा हिशेब मांडून पाहिल्याशिवाय राहवले नाही. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. आणि वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा म्हणजेही दोनशे चाळीस. एक नाणे कमी नाही, एक जास्त नाही. दुसऱ्या एक हजाराचे व्याज वर्षाला नव्वद होते आणि तेही भिक्खूंच्याच दुसऱ्या खर्चासाठी नेमून दिलेले आहे. हे सारे निगमसभेत जाहीर करून, फलकावर नोंदवून ठेवले, असेही त्या लेखात म्हटले आहे.

आता पाहा. खर्च किती आहे हे आधी ठरवले. त्याला पुरेल एवढे भांडवल बाजूला काढले. सगळी रक्कम एका ठिकाणी न ठेवता दोन ठिकाणी ठेवली. व्याजाचा दर ठरवला. लाभ कोणाला, किती आणि कशासाठी हे लिहिले. चारचौघांत जाहीर केले आणि नोंद ठेवली. म्हणजे देणारा उद्या असो वा नसो, चीवराची व्यवस्था त्याच्यावाचून चालावी. यालाच आजच्या भाषेत व्यवस्थापन म्हणतात.

ज्या गोवर्धनच्या विणकरांकडे ही ठेव होती, ते गोवर्धन म्हणजे गंगापूर धरणाच्या वाटेवरील आजचे गोवर्धन गाव असे अभ्यासक मानतात. त्याच परिसरात आज यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे आहे आणि तेथून व्यवस्थापनाचे शिक्षण दिले जाते. त्या विद्यापीठाकडे आपण पुढे वळणारच आहोत.

व्यवस्थापन म्हणजे काय?

हेन्री फेयॉल नावाचे एक फ्रेंच खाण अभियंता होते. त्यांनी एका मोठ्या खाण कंपनीचा कारभार अनेक वर्षे पाहिला आणि १९१६ मध्ये आपला अनुभव ग्रंथरूपाने मांडला. कारखाना असो वा सरकारी कचेरी, व्यवस्थापकाची कामे पाचच, असे त्यांनी सांगितले. नियोजन, संघटन, आदेश, समन्वय आणि नियंत्रण. पुढे काय करावयाचे ते ठरवणे, माणसे व साधने जुळवणे, प्रत्येकाला त्याचे काम सांगणे, सर्वांच्या कामांचा मेळ घालणे, आणि ठरल्याप्रमाणे झाले की नाही ते तपासणे. आजही विद्यापीठातील पहिल्या सत्राचा अभ्यास या पाच गोष्टींपासूनच सुरू होतो.

पुढे त्याच्या शाखा होतात. वित्त म्हणजे पैशाचे व्यवस्थापन. विपणन म्हणजे ग्राहकाची गरज ओळखून माल त्याच्यापर्यंत पोहोचवणे. मनुष्यबळ म्हणजे कर्मचाऱ्यांची निवड, प्रशिक्षण, वेतन व कल्याण. उत्पादन म्हणजे कच्चा माल आत येण्यापासून तयार माल बाहेर पडेपर्यंतची सारी साखळी. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारे आपले बांधव या चारही गोष्टी रोज पाहतात. पाहणे आणि चालवणे यांत मात्र अंतर आहे, आणि ते अंतर शिक्षणाने कमी होते.

या विषयाकडे आम्ही का वळलो, तेही सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत मुलांसाठी अभ्यासिका सुरू झाली. आम्ही बँकेत आहोत म्हणून पैशाचे काम सर्वांनी आमच्याकडे सोपवले. वर्गणी कोणाची आली, वीजबिलाची तारीख कोणती, किल्ली कोणाकडे, हे सारे आमच्या डोक्यात असे. कागदावर फारसे काही नव्हते. कोणी कधी शंका घेतली नाही आणि एका रुपयाचीही अफरातफर झाली नाही. मग आम्ही आजारी पडलो. दोन महिने अंथरुणावर होतो. वर्गणी गोळा करावयाची हे कोणाला ठाऊक नव्हते, बिल थकले आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर अभ्यासिकेतील दिवे बंद झाले. ज्यांच्या घरी एकच खोली, त्या मुलांनी त्या वर्षी कोठे बसून अभ्यास केला, हे विचारण्याचा धीर आम्हांला झाला नाही. पुन्हा कुलूप उघडले तेव्हा निम्मी मुले परत आली नाहीत.

त्यात दोष दुसऱ्या कोणाचाच नव्हता, आमचाच होता. आमच्याकडे प्रामाणिकपणा होता, तळमळ होती, पण व्यवस्थापन नव्हते. आपल्या किती मंडळांची, पतसंस्थांची, बचतगटांची आणि छोट्या धंद्यांची हीच गत झाली आहे, हे वाचकांनी आपापल्या वस्तीत आठवून पाहावे.

नेतृत्व शिकता येते काय?

नेतृत्व हे जन्मजात असते, ते शिकवून येत नाही, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. व्यवस्थापनाच्या अभ्यासात मात्र नेतृत्व हा स्वतंत्र विषय आहे. कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९३९ च्या सुमारास अमेरिकेत एक प्रयोग केला. सुमारे दहा वर्षांच्या मुलांचे गट करून त्यांना मुखवटे बनवण्यासारखी कामे दिली. काही गटांना हुकूम सोडणारा प्रमुख दिला, काहींना सर्वांना विचारून काम करणारा, तर काहींना नुसता बसून राहणारा. हुकूमशाही प्रमुखाच्या गटात काम भरपूर झाले, पण प्रमुख खोलीबाहेर जाताच ते मंदावले. विचारविनिमयाने चालणाऱ्या गटात प्रमुख बाहेर गेला तरी काम सुरूच राहिले.

म्हणजे नेत्याची खरी परीक्षा त्याच्या अनुपस्थितीत होते. ही गोष्ट आपल्या इतिहासाला नवीन नाही. तथागतांनी आपल्या पश्चात कोणालाही गादीवर बसवले नाही. धम्म आणि विनय हेच तुमचे शास्ता, असे त्यांनी आनंदाला सांगितले. संघाचा कारभार ठरावाने, गणसंख्येने आणि मतमोजणीने चालत असे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील आपल्या भाषणात बाबासाहेबांनी याच गोष्टीकडे देशाचे लक्ष वेधले होते. संसदीय कामकाजाचे नियम भिक्खू संघाला ठाऊक होते, हे त्यांनी तेथे निक्षून सांगितले.

नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह आपण स्वाभिमानाचा लढा म्हणून आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण तो संघटनेचाही मोठा धडा आहे. २ मार्च १९३० रोजी सत्याग्रहाला प्रारंभ झाला. दुसऱ्या दिवशी मंदिराच्या चारही दरवाजांवर पहिली तुकडी बसली. तीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या, आणि नावे नोंदवलेले हजारो सत्याग्रही आपल्या पाळीची वाट पाहत होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले. सत्याग्रह थांबला काय? नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पुढे चालवला आणि सुमारे पाच वर्षे हा लढा सुरू राहिला. गावोगावच्या माणसांना बोलावणे, पाळ्या लावणे, भाकरीची सोय करणे, अटक झालेल्यांच्या घरची चौकशी करणे, हे सारे कोणीतरी रोज पाहत होते, म्हणून तो लढा टिकला. त्या कामाला त्यांनी कोणतेही मोठे नाव दिले नाही, इतकेच.

बाबासाहेबांचे आणखी एक रूप आपल्या विद्यार्थ्यांना फारसे सांगितले जात नाही. १९१८ ते १९२० या काळात ते मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. व्यापार-उद्योगात जाणाऱ्या मुलांना ते शिकवत असत. पुढे रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. या संस्थेने कला व विज्ञानापुरतेच न थांबता १९५३ मध्ये मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय काढले. पैसा, व्यापार आणि हिशेब यांपासून समाजाने दूर राहावे, असे बाबासाहेबांना कधीच वाटले नव्हते.

विद्यापीठाचे दरवाजे

आता प्रत्यक्ष मार्गांविषयी. बारावीनंतर लगेच हा विषय घ्यावयाचा असेल तर बीबीए, बीएमएस यांसारखे पदवी अभ्यासक्रम आहेत. महाराष्ट्रात २०२४ पासून त्यांच्यासाठीही सामायिक प्रवेश परीक्षा सुरू झाली आहे, म्हणून बारावीच्या वर्षीच चौकशी करावी. पदवीनंतरचा मार्ग म्हणजे दोन वर्षांचे एमबीए. त्यासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. इतिहास, मराठी वा पाली घेऊन बी. ए. झालेला विद्यार्थीही पात्र असतो. राज्याच्या नियमानुसार पदवीला सर्वसाधारण गटासाठी ५० टक्के आणि राखीव गटासाठी ४५ टक्के गुण लागतात आणि प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तीत तर्कबुद्धी, अंकगणित आणि इंग्रजी आकलन यांवर प्रश्न असतात. मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजीची धास्ती वाटते. पण रोज एक इंग्रजी वृत्तपत्र मोठ्याने वाचणे आणि न कळलेले दहा शब्द वहीत उतरवणे एवढे वर्षभर केले तरी ती धास्ती बरीच कमी होते.

नाशिकमधील व्यवस्थापन महाविद्यालये बहुतांशी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाला सावित्रीमाईंचे नाव २०१४ मध्ये मिळाले. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था १९६५ पासून नावाजलेली आहे. देशपातळीवर भारतीय व्यवस्थापन संस्था, म्हणजे आयआयएम, आहेत. अहमदाबाद आणि कोलकाता येथील पहिल्या दोन १९६१ मध्ये निघाल्या. महाराष्ट्रात नागपूरला २०१५ मध्ये ही संस्था आली, आणि मुंबईची १९६३ पासूनची नीटी ही संस्था २०२३ मध्ये आयआयएम झाली. त्यांच्यासाठी कॅट ही परीक्षा द्यावी लागते.

येथे एक गोष्ट प्रत्येक बौद्ध विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी. महाराष्ट्रात यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असतानाच नवबौद्धांना राज्याच्या सवलती मिळाल्या. पण धम्मदीक्षा घेतलेल्या आपल्या बांधवांना केंद्रात अनुसूचित जातीचा दर्जा मिळण्यासाठी १९९० साल उजाडावे लागले. म्हणजे १९५६ नंतर तब्बल ३४ वर्षे. आयआयएमसारख्या केंद्रीय संस्थेतील अनुसूचित जातींच्या १५ टक्के जागांवर आज बौद्ध विद्यार्थ्याचा जो हक्क आहे, तो इतक्या दीर्घ लढ्याने मिळालेला आहे. अर्जच केला नाही म्हणून तो वाया जाऊ नये.

आता नोकरी करणाऱ्यांविषयी आणि गृहिणींविषयी. आपल्या मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८९ मध्ये झाली. डॉ. राम ताकवले हे पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे विद्यापीठाचे ब्रीद आहे. ज्यांची शाळा मध्येच सुटली, त्यांच्यासाठी विद्यापीठाने सुरुवातीच्या काळापासून पूर्वतयारीचा शिक्षणक्रम ठेवला होता. त्या वाटेने महाराष्ट्रातील कितीतरी कामगार आणि स्त्रिया पदवीपर्यंत पोहोचल्या. विद्यापीठात वाणिज्य व व्यवस्थापन ही स्वतंत्र विद्याशाखा आहे. घरी पुस्तक वाचावयाचे, स्वाध्याय लिहावयाचे, अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्राला जावयाचे आणि परीक्षा द्यावयाची, अशी तेथील पद्धत आहे. मान्यताप्राप्त मुक्त व दूरशिक्षणाने मिळालेली पदवी नियमित पदवीशी समकक्ष आहे, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. चाळिशी उलटली म्हणून संकोच बाळगण्याचे कारण नाही. आम्ही स्वतः कला शाखेचे पदवीधर, आणि अभ्यासिकेचे कुलूप पाहिल्यानंतरच ही पुस्तके उघडली. ताळेबंद आम्ही बँकेत रोज पाहत होतो, पण तो का मांडतात हे तेव्हा कळले.

सावधगिरीच्या काही गोष्टी

पहिली गोष्ट मान्यतेची. व्यवस्थापनाचे नाव लावून भरमसाट शुल्क घेणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम असेल तर त्या वर्षी त्याला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे काय ते पाहावे. स्वायत्त संस्थेची पदविका असेल तर अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता पाहावी. चकचकीत माहितीपुस्तिकेपेक्षा दोन माजी विद्यार्थ्यांशी बोलणे अधिक उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रे पदवीच्या शेवटच्या वर्षातच हाती असावीत. केंद्रीय संस्थेसाठी केंद्राच्या विहित नमुन्यातील दाखला लागतो. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर मुदतीत भरावा. गुण असूनही कागदाअभावी प्रवेश हुकणे यासारखे दुःख नाही.

तिसरी गोष्ट कर्जाची. केंद्राच्या पतहमी योजनेमुळे साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण न घेण्याची सोय आहे. परंतु शिक्षण चालू असताना हप्ता नसला तरी व्याज चालूच असते. म्हणून कर्ज घेताना पहिल्या नोकरीच्या पगारातून हप्ता किती जाईल, याचा हिशेब पालकांनी आणि विद्यार्थ्याने एकत्र बसून करावा. तोच व्यवस्थापनाचा पहिला धडा समजावा.

विद्या आणि शील

पदवी मिळाली म्हणजे माणूस चांगला व्यवस्थापक झाला, असे नाही. हाताखालच्या माणसांना यंत्र समजणारे पदवीधर आपण पाहतोच. या बाबतीत सिगालोवाद सुत्त प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे असे आहे. राजगृहाच्या सिगाल नावाच्या तरुणाला तथागतांनी गृहस्थाची कर्तव्ये सांगितली. त्यांत मालकाने कामगारांशी कसे वागावे तेही आहे. ज्याच्या त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, गोडधोड असेल ते वाटून खावे आणि वेळेवर सुट्टी द्यावी. त्याच सुत्तात मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग धंद्यात, आणि चौथा भाग संकटकाळासाठी राखून ठेवावयाचा. खेळते भांडवल आणि राखीव निधी यांचे महत्त्व याहून सोप्या शब्दांत आम्ही कोठे वाचले नाही.

आपल्या समाजात वक्ते पुष्कळ आहेत, लढणारे आहेत, त्याग करणारेही आहेत. उणीव आहे ती काम लावून देणाऱ्यांची. ज्यांच्या हाताखालची संस्था ते आजारी पडले तरी चालेल, बदलीवर गेले तरी चालेल, अशा माणसांची. वस्तीतील अभ्यासिका आज पुन्हा सुरू आहे. आता वर्गणीची वही तिघांकडे फिरते, बिलाची तारीख भिंतीवर लिहिलेली आहे आणि दर तिमाहीला हिशेब सर्वांसमोर वाचला जातो. तो वाचण्याचे काम आता बारावीची एक मुलगी करते. आम्ही समोर बसून ऐकतो आणि चूक असेल तर तीच आम्हांला दाखवते.

पुढच्या सत्कार समारंभात "बाळ, पुढे काय व्हायचे ठरवले आहे?" हा प्रश्न येईल, तेव्हा एखाद्या मुलाने वा मुलीने "व्यवस्थापन शिकणार" असे उत्तर द्यावे, आणि मागे बसलेल्या आईवडिलांनी त्यांना आडकाठी करू नये, एवढीच आमची नम्र विनंती आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!